कुत्र्याचा दुसरा धनी

मनुष्याच्या सहवासांत जे जे प्राणी आले, त्यांत कुत्रा हा सर्वांत पहिला होय, असें शास्त्रज्ञ सांगतात. गाय, शेळी, घोडा हीं जनावरें मनुष्य शेती करूं लागला त्या सुमारास किंवा त्यानंतर त्याच्या दारीं बांधलीं गेलीं; कुत्रा मात्र मनुष्य अद्याप शिकारीवर पोट भरीत होता तेव्हांपासून त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसत असे. इतक्या जुन्या सोबत्याविषयीं शाळेच्या वार्षिकांत लिहावें असें नवें काय आहे, असा प्रश्न कित्येक वाचक करतील. परंतु अलीकडे आमच्या मालवण किनाऱ्यावरील घरांतून जी स्थिति दृष्टीस पडते, तिच्यामुळें या जुन्या विषयाला एक नवीन बाजू आली आहे, आणि तिचा विचार पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं मिळून करणें अवश्य आहे.

ती स्थिति अशी. मालवण, वेंगुर्लें, देवगड या तालुक्यांतील कर्तीं माणसें पिढ्यान् पिढ्या मुंबईस चाकरीला जात आलीं आहेत. चतुर्थीस आणि शिमग्यास घरें भरतात. एरव्हीं कित्येक घरांत सत्तरी गांठलेले आजोबा व आजी एवढींच काय तीं असतात. मुंबईच्या मुलांना आईबापांची काळजी वाटते. घराला राखण व्हावी, म्हाताऱ्या माणसांना विरंगुळा मिळावा, म्हणून ते एखादें विलायती जातीचें पिलूं आणून देतात. कधीं कधीं तें पिलूं मुंबईच्या दोन खोल्यांत मावेनासें झालें म्हणूनही गांवीं पोंचतें. पहिले दोन महिने तें सर्वांचें खेळणें असतें. सहाव्या महिन्यांत तें चपला फाडतें, शेजाऱ्याच्या कोंबड्यांमागें धांवतें, सांखळीला हिसका देऊन आजींना खळ्यांत पाडतें. आणि वर्षाच्या आंत पडवीच्या खांबाला दिवसभर बांधलेलें, भुंकून भुंकून घसा बसलेलें असें एक दीन जनावर होऊन बसतें. यांत कुत्र्याचा दोष नाहीं आणि आजोबांचाही नाहीं. जी व्यवस्था आधीं लावावयास हवी होती ती कोणी लावली नाहीं, एवढाच याचा अर्थ आहे. ती व्यवस्था कोणती, हें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

कुत्र्याच्या अंगीं ही न संपणारी धांवपळ कोठून आली, हें प्रथम पाहूं. ज्यांना आपण विलायती जाती म्हणतों, त्यांतील पुष्कळशा मूळच्या कामकरी जाती आहेत. आपल्याकडे फार लोकप्रिय झालेला लॅब्रॅडॉर हा उत्तर अमेरिकेच्या पूर्वेस असलेल्या न्यू फाउंडलंड बेटावरील कोळ्यांच्या कुत्र्यांचा वंशज होय. गार पाण्यांत उड्या घेऊन निसटलेले मासे धरून आणणें, जाळ्यांचे दोर तोंडांत धरून ओढणें, हीं त्या कुत्र्यांचीं कामें होतीं. एकोणिसाव्या शतकांत ते ब्रिटनमध्यें नेण्यांत आले आणि तेथें शिकारीच्या कामीं त्यांची आजची जात तयार झाली. जर्मन शेफर्ड, ज्याला आपले लोक अल्सेशियन म्हणतात, तो नांवाप्रमाणेंच मेंढपाळाचा कुत्रा. १८९९ सालीं कॅप्टन माक्स फॉन स्टेफानिट्झ या जर्मन गृहस्थांनीं या जातीची पद्धतशीर जोपासना सुरू केली. तिचे पूर्वज दिवसभर कळपाभोंवतीं फिरत असत. आपल्या शेजारच्या मुधोळ संस्थानांतील घोरपडे राजांनीं जोपासलेली, ससे व हरणें यांच्यामागें वाऱ्यासारखी धांवणारी मुधोळ जात तर मराठी मुलुखाला जुनी परिचित आहे. भारतीय टपाल खात्यानें २००५ सालीं देशी कुत्र्यांवर तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळलाही स्थान मिळालें.

चिवल्याच्या किंवा दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढतांना ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना दोर ओढणाऱ्या गड्यांच्या दंडांतील बळ ठाऊक आहे. अशा गड्याला कांहींएक काम न देतां खांबाला बांधून ठेवलें, तर तो जसा चिडेल, तसाच कोळ्यांच्या कुत्र्यांचा हा वंशजही चिडतो. पिढ्यान् पिढ्या अंगांत मुरलेलें बळ बांधून ठेवल्यानें नाहींसें होत नाहीं; तें चपला फाडण्यांत, जमीन उकरण्यांत आणि भुंकण्यांत बाहेर पडतें. लोक त्याला खोडी म्हणतात. खरें पाहतां तें बेकारीचें दुःख आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं. म्हातारपणीं कुत्रा पाळूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याला पहांटे उठून कुत्र्याला बाहेर न्यावयाचें आहे, तो अंथरुणांत लोळत पडत नाहीं. ज्याच्याशीं दिवसभर दोन शब्द बोलावयास कोणी नाहीं, त्याला ऐकणारे दोन कान मिळतात. आणि जेवणाच्या वेळीं समोर येऊन बसणारें जनावर घरांत असलें, म्हणजे धन्याचें स्वतःचें जेवणही टळत नाहीं. हे लाभ लहान नव्हेत. परंतु धोकाही लहान नाहीं. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनीं २०१९ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्याला पट्ट्यानें धरून फिरवीत असतां हाड मोडल्यामुळें त्या देशांतील रुग्णालयांत तांतडीनें आलेल्या, पासष्ट वर्षें व त्यांहून अधिक वयाच्या माणसांची अंदाजी संख्या २००४ मध्यें १६७१ होती. ती २०१७ मध्यें ४३९६ झाली. त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि पुष्कळांचें खुब्याचें हाड मोडलें होतें. आमच्याकडे तर जांभ्या दगडाच्या पायऱ्या, उताराच्या घाटी आणि त्यांवर पावसाळाभर शेवाळ. तीस किलो वजनाच्या कुत्र्यानें पाणंदींत मांजर पाहून एक हिसका दिला, तर सत्तर वर्षांच्या माणसाचा तोल जाण्यास क्षणही लागत नाहीं. आणि या वयांत खुबा मोडला, म्हणजे कित्येकांचें पहिलें चालणें परत येत नाहीं.

यावर उपाय कुत्रा बांधून ठेवणें हा नव्हे, तर कामाची वांटणी करणें हा आहे. कॅथलिक परंपरेच्या बायबलांत तोबिताचें पुस्तक आहे. त्यांत दृष्टि गेलेला वृद्ध तोबित आपल्या मुलाला दूरदेशीं ठेवलेलें द्रव्य आणावयास पाठवितो. वाटेंत सोबतीला देवदूत असतो, आणि घरचा कुत्राही बरोबर निघतो. परततांनाही तो कुत्रा त्यांच्या मागोमाग येतो. ग्रंथांत त्या कुत्र्याविषयीं दोन ओळींपलीकडे कांहीं नाहीं. तरी त्यांत आमच्या विषयाचें सारें मर्म आहे. कुत्रा वडिलांच्या घरचा असावा, आणि त्याच्याबरोबर चालण्याचें काम तरुण पायांनीं करावें.

ही वांटणी रोजच्या व्यवहारांत अशी करितां येईल. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं अर्धा-पाऊण तास आणि सूर्य मावळतांना तेवढाच वेळ कुत्र्याला जोरानें चालविण्याचें व पळविण्याचें काम घरच्या अथवा शेजारच्या तरुणानें उचलावें. आजोबांकडे दोन कामें राहतात, आणि तीं अधिक महत्त्वाचीं आहेत. पहिलें काम शिक्षणाचें. बस, थांब, ये, सोड, हे चार शब्द ज्या कुत्र्याला पक्के समजले, तो निम्मा शांत झाला असें समजावें. हे शब्द काठीनें शिकविले जात नाहींत. आज्ञा पाळतांच भाकरीचा एक तुकडा व पाठीवर एक थाप द्यावी, न पाळल्यास कांहींच देऊं नये. दहा मिनिटें सकाळीं, दहा मिनिटें संध्याकाळीं, आणि रोज तोच शब्द. याला जो धीर लागतो तो तरुणांजवळ क्वचित् असतो. वृद्धांजवळ तो भरपूर असतो. दुसरें काम नाकाचें. कुत्र्याचें जग आपल्याप्रमाणें डोळ्यांचें नाहीं, वासाचें आहे. भाकरीचे वीस तुकडे खळ्यांत, तुळशीमागें, गडग्याच्या फटींत लपवावे आणि मग त्याला सोडावें. पाव तासाच्या या शोधानें तो असा दमतो, कीं मागाहून निवांत पडून राहतो. आणि आजोबांना खुर्चीवरून उठावेंही लागत नाहीं.

पट्ट्याविषयीं दोन गोष्टी सर्वांनीं लक्षांत ठेवाव्या. पट्टा मनगटाला किंवा बोटांना कधींही गुंडाळूं नये. प्रसंग येतांच तो सोडून देतां आला पाहिजे. आणि ओढणाऱ्या कुत्र्याला नुसत्या गळपट्ट्याऐवजीं छातीवरून जाणारा पट्टा घालावा, म्हणजे त्याचा गळा आवळला जात नाहीं व त्याला आवरणेंही सोपें जातें. दाराशीं व पायरीशीं थांबण्याची संवय त्याला पहिल्या दिवसापासून लावावी.

ज्यांनीं अद्याप कुत्रा आणलेला नाहीं, त्यांनीं निवड विचारपूर्वक करावी. पिलूं गोजिरें दिसतें, परंतु पहिलें दीड वर्ष त्याच्यामागें जेवढें धांवावें लागतें तेवढें धांवणें साठीनंतर बहुतेकांस झेपत नाहीं. दोन-तीन वर्षांचा, स्वभाव ठरलेला कुत्रा वृद्धांस अधिक सोईचा. आपल्या गांवठी कुत्र्याला हिणविण्याचें कारण नाहीं. त्याचे आंखूड केस आमच्या दमट हवेला सोसतात, अंगानें तो आटोपशीर असतो, आणि राखणीच्या कामीं तो कोणाला हार जात नाहीं.

आमच्या किनाऱ्याचे म्हणून कांहीं विशेष धोके आहेत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकीत तो अंग निववतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारीं त्याला तापलेल्या वाळूंत नेऊं नये. आपल्या तळपायाला वाळू सोसत नसेल, तर त्याच्याही पायाला ती सोसत नाहीं. समुद्राचें पाणी त्याला पिऊं देऊं नये, आणि पोहून आल्यावर गोड्या पाण्यानें अंग धुवावें. रापणींतून टाकून दिलेल्या माशांवर कुत्रीं तुटून पडतात. त्यांत अंग फुगविणारा केंड असतो, आणि त्याचें विष प्राणघातक ठरूं शकतें. जेवणांत पेज किंवा भात, कांटे काढलेला बिनतिखटाचा उकडलेला मासा, कधीं अंडें, एवढें पुरे. कांदा, लसूण व चॉकलेट त्याला अपायकारक आहेत, आणि शिजविलेलीं हाडें फुटून आंतडीं फाडतात. पावसाळ्यांत रानांतून फिरून आलेल्या कुत्र्याचे कान व बोटांमधील जागा पाहून गोचीड काढावे. मात्र ते उघड्या बोटांनीं चिरडूं नयेत. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग कोंकणांत माणसांना व कुत्र्यांनाही होतो. त्याची लस कुत्र्यांना देतां येते. रात्रीं कुत्र्याला अंगणांत बांधून ठेवणें म्हणजे त्याला बिबट्याच्या स्वाधीन करणें होय. त्याला घरांत किंवा बंद पडवींत घ्यावें. चतुर्थीच्या फटाक्यांनीं कुत्रीं बिथरून पळून जातात, यासाठीं त्या रात्रीं त्यांच्याजवळ कोणी तरी बसावें.

या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची लस. पिलूं सुमारें तीन महिन्यांचें होतांच पशुवैद्याकडे जाऊन ती टोंचून घ्यावी व पुढें त्यांच्या सांगण्याप्रमाणें वेळच्या वेळीं पुन्हां द्यावी. ६ जुलै १८८५ रोजीं लुई पाश्चर यांनीं जोसेफ मेस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलावर या रोगाच्या लशीचा प्रयोग केला आणि तो मुलगा वांचला. या रोगाचीं चिन्हें एकदां दिसूं लागलीं कीं माणूस वांचणें जवळजवळ अशक्य असतें. परंतु चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुऊन त्याच दिवशीं दवाखान्यांत लस घेण्यास आरंभ केला, आणि सांगितलेल्या सर्व मात्रा पुऱ्या केल्या, तर हा रोग टाळतां येतो. हें प्रत्येक विद्यार्थ्यानें पाठ करून ठेवावें.

इतकी व्यवस्था झाली, तरी एक प्रश्न उरतो, आणि तो उघडपणें बोलावयास सर्वच कचरतात. सातव्या इयत्तेंतील मुलालाही करितां येईल असें हें गणित आहे. मध्यम किंवा मोठ्या आकाराचा कुत्रा सामान्यतः दहा ते चौदा वर्षें जगतो. आजोबांचें वय आज बहात्तर. मग त्या कुत्र्याच्या शेवटच्या वर्षीं आजोबांचें वय काय असेल, आणि त्या वेळीं त्याला पेज कोण घालील?

टोकियो शहरांत उएनो नांवाचे शेतकी विषयाचे प्राध्यापक होते. त्यांनीं १९२४ सालीं हाचिको नांवाचें पिलूं आणलें. तो कुत्रा मोठा झाल्यावर त्यांना घ्यावयास रोज शिबुया स्टेशनावर जात असे. २१ मे १९२५ रोजीं प्राध्यापक कामावर असतांच एकाएकीं वारले. कुत्रा मात्र ८ मार्च १९३५ रोजीं मरेपर्यंत स्टेशनावर वाट पाहत राहिला. त्याच्या हयातींतच, १९३४ सालीं, तेथें त्याचा पुतळा उभारण्यांत आला. या कथेवरून सर्वजण कुत्र्याच्या इमानाचा पाठ देतात, आणि तो योग्यच आहे. परंतु धनी गेल्यावर तो कुत्रा एका घरांतून दुसऱ्या घरीं फिरत राहिला, आणि अखेरीस प्राध्यापकांकडे पूर्वीं काम करणारे कोबायाशी नांवाचे माळी यांनीं त्याला सांभाळलें. पुतळा कुत्र्याचा झाला. त्या माळ्याचें नांव फार थोड्यांना ठाऊक आहे. आमच्या मतें या कथेंतील दुसरा थोर पुरुष तोच होय.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण याहून बोधप्रद आहे. प्रसिद्ध उद्योगपति रतन टाटा हे ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं मुंबईस वयाच्या ८६ व्या वर्षीं निवर्तले. कुत्र्यांवरील त्यांचें प्रेम सर्वश्रुत होतें. बॉम्बे हाऊस या मुख्य कचेरींत त्यांनीं भटक्या कुत्र्यांना आश्रय दिला होता, आणि महालक्ष्मी येथील प्राण्यांचें मोठें रुग्णालय त्यांच्याच पुढाकारानें २०२४ सालीं सुरू झालें. पहिला कुत्रा गेल्यावर, ऐंशीच्या घरांत असतां, त्यांनीं टिटो नांवाचा दुसरा जर्मन शेफर्ड बाळगला. वयाकडे पाहून त्यांनीं हौस सोडली नाहीं. पण वयाकडे डोळेझांकही केली नाहीं. आपल्या पश्चात् टिटोचा सांभाळ आपल्या जुन्या स्वयंपाक्यानें करावा आणि त्यासाठीं लागेल तो खर्च व्हावा, अशी तरतूद त्यांनीं मृत्युपत्रांत करून ठेवली होती, असें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. त्यांची संपत्ति आपल्यापाशीं नाहीं. परंतु येथें जी गोष्ट शिकावयाची ती संपत्तीची नव्हे. त्यांनीं कुत्र्याचा दुसरा धनी आधीं ठरविला, हीच ती गोष्ट.

आमचें सांगणें एवढेंच आहे. साठी उलटलेल्या माणसाच्या घरीं कुत्रा येण्यापूर्वीं त्याचा दुसरा धनी ठरला पाहिजे. तो मनांतल्या मनांत ठरवून उपयोगाचा नाहीं. त्याला स्पष्ट विचारावें, आणि त्याच्या घरच्या वडील माणसांचीही संमति घ्यावी. त्यानें पहिल्या आठवड्यापासून कुत्र्याला फिरवावें, निदान दोन-तीन वेळां आपल्या हातानें जेवूं घालावें, म्हणजे पुढें धनी आजारी पडला अथवा मुंबईस दवाखान्यांत गेला, तरी कुत्र्याला तें घर परकें वाटणार नाहीं. एका वहींत लशींच्या तारखा, जेवणाच्या संवयी व पशुवैद्याचा दूरध्वनि लिहून ठेवावा. आणि शक्य असेल त्या घरानें कुत्र्याच्या नांवानें थोडे पैसे बाजूला काढावे. असा दुसरा धनी मिळत नसेल, तर चपळ कुत्रा आणूं नये. दारीं येणाऱ्या गांवच्या कुत्र्याला रोज चतकोर भाकरी घालून व त्याला लस टोंचून घेऊनही जीवदयेचें समाधान मिळतें.

मुंबईच्या चाकरमान्यांस आमची विनंती अशी, कीं आईबापांना पिलूं भेट देण्यापूर्वीं त्यांना विचारावें, आणि तें रोज कोण फिरवील याचें उत्तर मिळाल्यावरच आणावें. दूरध्वनीवरून चौकशी होते; कुत्रा फिरविला जात नाहीं.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या वाडींत अशीं आजोबा-आजी असतील व त्यांच्या खांबाला एक कुत्रा दिवसभर भुंकत असेल, तर तो दुसरा धनी होण्याचें काम तुमच्याकडे येऊं शकेल. आपल्या घरीं विचारून त्यांच्याकडे जा. आपल्या बळाबाहेरचा कुत्रा एकट्यानें बाहेर नेऊं नका. आणि एकदां शब्द दिला, कीं परीक्षा असो वा पाऊस असो, तो पाळा. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत युधिष्ठिर सर्वस्व सोडून हिमालयाच्या वाटेनें निघतो. शेवटीं त्याच्याबरोबर एक कुत्रा मात्र उरतो. इंद्राचा रथ समोर उभा असतांही, या कुत्र्याला टाकून मी स्वर्गांत येणार नाहीं, असें तो निक्षून सांगतो. आणि तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्मच होता, असें मागाहून उघड होतें. तुम्हांला स्वर्गाचा रथ नाकारावयाचा नाहीं. सकाळचा अर्धा तास तेवढा द्यावयाचा आहे.